बसून घ्या, वेळ लागेल

कुणीही नवा माणूस केबिनमध्ये आला की ते आधी खुर्ची पुढे सरकवायचे. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून सांगायचे, “मी त-त-तोतरा आहे. वेळ लागेल. ब-बसून घ्या.” हे ते कारखान्याच्या मालकांना सांगत, तपासणीला आलेल्या सरकारी साहेबांना सांगत आणि कँटीनला पाव पोचवणाऱ्या माणसालाही सांगत. तो बिचारा मांडीवर पावांची लादी घेऊन बसायचा. कितीही घाई असली तरी बसावं लागे. उभा माणूस मनातल्या मनात निघालेला असतो, असं त्यांचं म्हणणं.

नवी मुंबईतल्या महाप्याच्या आमच्या केमिकल कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. बुटके, रुंद, डोक्यावर चार केस आणि अंगात कायम भडक चौकड्यांचा शर्ट. धुरात पडलो तर लोकांना सापडायला हवा, म्हणून भडक. प्रत्येक शब्द निदान दोनदा येतो म्हणून कामगारांनी त्यांचं नाव ‘डबल’ ठेवलं होतं. लोकांनी पाठीमागे ठेवलेलं नाव त्यांनी राजरोस उचललं. फोन घेतला की “ड-डबल बोलतोय.” मशीनच्या आवाजात लांबून कुणी हाक मारली तर हात वर करून दोन बोटं दाखवायची. म्हणजे मी इथे आहे, ठीक आहे, चालू द्या. चिडवणाऱ्याच्या हातात मग काही उरतच नसे.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं ती. मी लॅबमध्ये नवी केमिस्ट होते, प्रोबेशनवर. लग्न होऊन साताऱ्याहून नेरूळच्या नव्या फ्लॅटमध्ये आले होते. सोसायटीत निम्म्या घरांना अजून कुलपं, रस्त्यावरची झाडं कमरेएवढी, आणि वारा फिरला की ठाणे-बेलापूर रोडकडून कसला कसला वास यायचा. मीही तोतरी होते. हे त्या अख्ख्या शहरात कुणाला माहीत नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

कसं शक्य आहे, असं लोक विचारतात. शक्य आहे. अडणारा शब्द रस्त्यातल्या खड्ड्यासारखा आधीच दिसतो, मी वळसा घालायचे. ‘गहू’ अडेल असं वाटलं की ‘पोळ्यांचं पीठ’. ‘दूध’ अडणार असेल तर नुसतं पातेलं पुढे करायचं. कांदेपोह्यांच्या वेळी आईने “जरा अबोल आहे हो” म्हणून सांगून टाकलं आणि सासूबाईंना नेमकं तेच आवडलं. नवरा मित्रांना कौतुकाने सांगायचा, “आमची ही मोजकंच बोलते.” ते ऐकलं की मी चहा ठेवायला आत जायचे. ‘फसवलंत तुम्ही लोकांनी’, हे वाक्य त्याच्या आवाजात मला पाठ झालं होतं, आणि तो बिचारा तसं कधी बोललाच नव्हता. कारखान्यात फोन वाजला की मी हात धुवायला जायचे. प्रोबेशनवरची बाई तोतरी निघाली तर तिला कायम कशाला करतील?

पहिल्या दिवशी डबलसाहेबांनी मला खुर्ची दिली, आपलं ते नेहमीचं वाक्य म्हटलं आणि नाव विचारलं. नावाला वळसा नसतो. तिथे माझी युक्ती ठरलेली होती, हातातलं पेन पाडायचं. मी पाडलं.

“प-पेन उचल,” ते म्हणाले. “नाव कुठे पळून ज-जात नाही.”

मी पेन उचललं, मग खोकले, मग गेटपासचं कार्ड त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी कार्डाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहत राहिले. “बरं. स-सवडीने सांग,” म्हणाले. मी कार्ड घेऊन बाहेर पडले. त्या दिवसापासून ते लॅबकडे येताना दिसले की मी मागच्या खोलीत बाटल्या पुसायला जायचे. चोराला पोलिसापेक्षा दुसऱ्या चोराची भीती जास्त, तो चाल ओळखतो.

त्यांचा एक नियम होता. अडलेला शब्द दुसऱ्याने पुरवायचा नाही. पुरवलात तर तो शब्द बाद. ते मान हलवून “नाही” म्हणत आणि वाक्यच बदलत. एकदा ते वर्क्स मॅनेजरकडे रजा मागायला गेले. “मला र-र-र...” एवढ्यावर मॅनेजर घड्याळ बघत म्हणाले, “रजा ना? घ्या.” डबलसाहेब म्हणाले, “नाही. र-राजीनामा.” आणि तिथेच बसून खरोखर लिहून दिला. मॅनेजरनी तो फाडला, चहा मागवला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं ऐकून घेतलं. रजा भावाच्या बारशाची होती, म्हणजे भावाच्या मुलाच्या. तेवढं सांगायला त्यांनी अख्खा चहा घेतला.

कारखान्याच्या स्नेहसंमेलनात हाउजीचे आकडे पुकारायचा मान त्यांनी स्वतःकडेच ठेवला होता. त्या वर्षी माझा नवराही आला होता. पिशवीत हात घालून त्यांनी सोंगटी काढली, माईकसमोर उभे राहिले. “स... स-स-स...” सगळा हॉल तिकिटांवर पेनं रोखून बसलेला. सात? साठ? सदुसष्ट? पहिल्या रांगेतल्या अकाउंटंटच्या बायकोला दम निघेना, ती ओरडली, “सत्तावीस!” डबलसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, सोंगटी पिशवीत परत टाकली आणि दुसरी काढली. हॉलमध्ये एकच गोंधळ. ज्याला सत्तावीस हवा होता तो खुर्चीवर चढून भांडायला लागला. हे आपले शांतपणे पुढच्या आकड्यावर अडलेले.

नवऱ्याच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. “काय वल्ली आहे!” तो म्हणाला. “अरे, बोलता येत नाही तर माईक कशाला घ्यायचा?”

मीही हसले. हसायला अक्षर लागत नाही. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि पुढे कित्येक दिवस मी घरात आणखी कमी बोलत होते.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे वारा. स्कूटरच्या हँडलला त्यांनी रंगीत फीत बांधली होती, ती कुठे उडते हे बघूनच ते स्कूटर लावत. पूजेला गेले तर देवाआधी उदबत्तीचा धूर बघत आणि त्याप्रमाणे सतरंजीवरची जागा बदलत. मला म्हणाले होते, “सकाळी ड-डोंगराचा वारा, दुपारी ख-खाडीचा. मधे थोडा वेळ क-कुणाचाच नाही. तो वाईट.” ते सांगताना त्यांनी रुमाल काढून नाकाशी धरला होता. हा माणूस घाबरट आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि विचित्र वाटलं. आमच्या मागच्या शेडमध्ये क्लोरीनचे टनर असत, म्हणजे म्हशीएवढी आडवी सिलिंडरं. त्या शेडवरून जाताना ते प्रत्येक वेळी श्वास रोखून धरत.

संक्रांतीला आम्ही दोघं त्यांच्या सीवूड्सच्या घरी गेलो होतो. त्यांच्या बायको, काकू, मेथी निवडत बसल्या होत्या. ते बोलत असताना त्या वर बघत नसत, पुढचा शब्द सुचवत नसत, कपाळाला आठी नाही की काही नाही. त्यांची जुडी आणि यांचं वाक्य एकदमच संपायचं. मला त्या घरातून निघूच नये असं वाटलं.

शेवटी त्यांनी मला कँटीनमध्ये गाठलंच. समोर बसले, ताटातली भेंडी बाजूला सारली आणि हळू आवाजात विचारलं, “किती व-वर्षं लपवते आहेस?”

मी इकडेतिकडे पाहिलं. जवळ कुणी नव्हतं. “ल-लहानपणापासून,” मी म्हणाले. त्या शहरात मी पहिल्यांदा अडखळले ते असं. मला रडू यायला लागलं. “सर, प्लीज. घरी म-माहीत नाही.”

“मी कशाला सांगू? तुझं आहे, तू स-सांगशील.”

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“वाटते ना! मी काय य-येडा आहे? माईक धरला की अजून पाय ल-लटपटतात. पण बोलायची एक भीती आणि ल-लपवायची दुसरी. दोन दोन कोण पोसणार? मी एकच ठ-ठेवली.” मग भेंडी पुन्हा पुढे ओढून म्हणाले, “मास्क घातला की सगळेच त-तोतरे. तेव्हा बघ, कुणी ह-हसत नाही.”

मला काही ते पटलं नाही. साहेबांना बरं आहे, मी मनात म्हटलं. पुरुष माणूस, कायम झालेला, घरात मेथी निवडणारी बायको. माझं तसं नव्हतं.

दर बुधवारी भोंग्याची चाचणी व्हायची. भोंगा वाजला की डबलसाहेब लॅबशेजारच्या खोलीतून माईकवर यायचे. त्या खोलीच्या खिडकीतून चिमणीवरची कापडी पिशवी दिसायची, ती ज्या बाजूला फुगेल तिकडे वारा वाहतोय असं समजायचं. “ल-ल-लक्ष द्या. वारा ख-खाडीकडून. ग-गेटकडे चला.” किंवा उलटं. भोंगा फक्त पळा म्हणतो, कुठे पळा ते माणसाने सांगायचं, असं ते म्हणत. चार शब्दांना जो काय वेळ लागायचा तेवढा वेळ कारखाना उभ्याचा उभा. कँटीनवाल्याचा डाव हवेत थांबायचा. गेटवरचे म्हात्रेमामा, महापे गावातलेच, कानामागे हात धरून ऐकायचे. वाक्य संपायच्या आत कुणी हललेलं त्यांना चालत नसे.

मग नवे वर्क्स मॅनेजर आले. बाहेरचे पाहुणे येतात, ऐकायला बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी कुणा बाईच्या गोड आवाजात कॅसेट करून घेतली. “सर्व कर्मचाऱ्यांनी शांतपणे मुख्य गेटजवळ जमावे.” एकही अक्षर अडत नव्हतं. डबलसाहेब भांडले. “साहेब, क-कॅसेटला डोळे नाहीत. वारा क-कुठला, तिला कोण सांगणार?”

“गेट इज सेफ. नकाशात बघा. टेन्शन नका घेऊ,” मॅनेजर म्हणाले. ते स्वतः दुपारी बाराला यायचे. तोवर खाडीचा वारा सुटलेला असे, आणि गेट खाडीच्याच बाजूला.

त्यानंतर बुधवारी कॅसेट वाजायची. पहिल्या बुधवारी लोकांनी ऐकली. महिन्याभरात कुणी मानसुद्धा वर करेना, कँटीनमध्ये भजी तळणं चालूच असायचं. डबलसाहेब बंद माईकशेजारी उभे राहून पिशवीकडे बघत असायचे. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? आधी दर बुधवारी त्यांचं अडखळणं भिंतीपलीकडून ऐकू येऊ नये म्हणून मी लॅबमधला नळ मोठा सोडायचे.

थंडीतली सकाळ होती आणि बुधवार नव्हता. भोंगा वाजला तेव्हा मी काचेची ब्युरेट भरत होते. मग तो वास आला. स्विमिंग पूलसारखा, आधी ओळखीचा वाटतो, आणि पुढच्याच श्वासाला छातीत सुरी फिरते. मागच्या शेडमधल्या टनरचा व्हॉल्व्ह गळला होता. भिंतीपलीकडे हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसच्या माणसाने कॅसेट लावली आणि तो पळाला. “सर्व कर्मचाऱ्यांनी शांतपणे मुख्य गेटजवळ जमावे.” लॅबमधले सगळे धावले. मीही दारापर्यंत पोचले.

दारात डबलसाहेब आडवे आले. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडावर मास्क, डोळे लाल. मास्क चढवायच्या आधीच ते शेडमध्ये डोकावून आले होते, आत खोकत होते. बोलता येणं शक्यच नव्हतं. त्यांनी माझा दंड धरून मला शेजारच्या खोलीत नेलं. खिडकीतून पिशवी दाखवली. ती गेटकडे फुगली होती. डोंगराचा वारा. शेडमधून निघालेला हिरवट पिवळा ढग जमिनीलगत सरपटत गेटच्याच दिशेने चालला होता, आणि पलीकडच्या रस्त्याने आमची माणसं घाईघाईने त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहत होती. काही जण तर सवयीने कार्ड पंच करायच्या रांगेत थांबले होते. पळतानाही हजेरी बुडायला नको.

त्यांनी माईककडे बोट केलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. नाही, नाही. त्यांनी दोन बोटं वर केली आणि ते गेले, शेडच्या दिशेने.

मला क्लोरीनची भीती वाटत नव्हती. माईकची वाटत होती. आज लिहिताना लाज वाटावी असं ते आहे, पण होतं तसं होतं. गेटवर माणसं उभी होती, ढग निम्म्या वाटेवर होता आणि माझं डोकं ‘गेट’ला दुसरा शब्द शोधत होतं. दरवाजा? द अडणार. फाटक? फाटक म्हटलं तर कुणाला काय कळणार? मी कॅसेट बंद केली. माईकचं बटण दाबलं. तोंड उघडलं आणि काही म्हणजे काही आलं नाही. सगळ्या आवारात नुसता माझा श्वास ऐकू येत होता.

“ग... ग-ग-ग...”

खिडकीतून मला दिसलं. गेटवरची गर्दी थांबली. कार्डाच्या रांगेतली माणसं वळली. म्हात्रेमामांनी कानामागे हात धरला.

“ग-गेटवर थ-थांबू नका. व-वारा ड... ड-डोंगराकडून. म-मागच्या द-दाराने. क-कँटीनच्या बाजूने. ड-डोंगराकडे च-चला.”

किती वेळ लागला ते मला ठाऊक नाही. माझ्या लेखी अख्खं आयुष्य गेलं. पण वाक्य संपेपर्यंत कुणी हललं नाही, आणि संपल्यावर सगळे एकदम वळले. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा अडखळले, पुन्हा सांगितलं. कँटीनच्या बाजूने शेवटचा माणूस दिसेनासा झाला तेव्हा ढग गेटच्या खांबांना चाटत होता.

म्हात्रेमामा मला टेकडीच्या पायथ्याशी भेटले. खोकत होते, डोळे चोळत होते. म्हणाले, “ताय, आवाज बायचा व्हता, पन बोलनं आमच्या डबलसायबाचं. कॅसेट वाजंल तर आमी कशाला आयकतो? ह्यो आवाज अडाकला, तवा म्हनलो हाय, कायतरी खरा हाय.”

डबलसाहेबांनी व्हॉल्व्हवर टोपण बसवलं होतं. ते चालत बाहेर आले, दोन बोटं वर केली आणि गुडघ्यांवर बसले.

कुणी दगावलं नाही. पुढे ती कॅसेट गेली, माईक परत त्यांच्याकडे आला. मीही कायम झाले, त्याआधी मॅनेजरनी “इंटरव्ह्यूला सांगायला हवं होतं” असं ऐकवलं ते ऐकवलंच. पण हे सगळं नंतरचं. माझी खरी वेळ आली ती त्या दिवशी संध्याकाळी, वाशीच्या हॉस्पिटलमध्ये.

डबलसाहेब कॉटवर होते, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. काकू पायाशी बसल्या होत्या. नवरा ऑफिसमधून परस्पर धावत आला होता, त्याचा शर्ट घामाने भिजला होता आणि त्याने माझा हात घट्ट धरला होता. नर्सबाई म्हणाल्या, “तुम्ही पण तिथेच होतात ना? घसा बघायला हवा. नाव सांगा.”

नाव. मी तोंड उघडलं आणि पहिल्याच अक्षरावर अडकले. पाडायला हातात पेन नव्हतं. ओठ थरथरायला लागले, मान ताठ झाली. नवऱ्याने हे यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तो पांढराफटक पडला.

“सिस्टर, हिला गॅस लागलाय,” तो म्हणाला. “बघा ना, बोलता येत नाहीये. सकाळी घरून निघाली तेव्हा व्यवस्थित बोलत होती. गॅसनेच झालंय. डॉक्टरांना बोलवा!”

किती सोपं होतं! नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. गॅसने झालं. जन्मभर मग लपवायला नको, कुणी फसवलं म्हणणार नाही, उलट सासूबाईंनी दृष्ट काढली असती. मी कॉटकडे पाहिलं. डबलसाहेब मघापर्यंत माझ्याकडे बघत होते, त्यांनी आता डोळे मिटून घेतले होते. शब्द पुरवायचा नाही, हा नियम ते स्वतःलाही लावत. काकूंनी पिशवीतलं मोसंबं काढलं आणि खाली बघून सोलायला घेतलं.

मला भीती वाटत होती. माईकपुढे वाटली नव्हती इतकी.

“नाही,” मी म्हणाले. हा शब्द माझ्या तोंडून कसा कोण जाणे, सरळ आला. “ग-ग-गॅस नाही. म-मी त-तोतरी आहे. ल-लहानपणापासून. त-तुला सांगितलं न-नाही.”

डबलसाहेबांचा चादरीवरचा हात थोडा वर झाला. त्याची दोन बोटं ताठ होती.

नवऱ्याने माझा हात सोडला. त्याच्या चेहऱ्यावर मला काहीच वाचता येईना. त्याने इकडेतिकडे पाहिलं, शेजारच्या कॉटखालचं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसला.